बिब्ब्याचा परदेशी चुलतभाऊ

"गो, आदी राखेत हात घाल. आनि कायव झाला तरी हात तोंडाक लावू नको."

काकीचं हे वाक्य मी दर वर्षी शिमग्याच्या आधी ऐकलं. कुडाळजवळच्या आमच्या घराची मागची पडवी, काकीपुढे विळी, विळीशेजारी हिरव्या काजींचा ढीग, एका बाजूला चुलीतल्या राखेची पाटी आणि दुसऱ्या बाजूला कढत पाण्याचं पातेलं. आमच्या मालवणीत काजूच्या बीला काजी म्हणतात, आतल्याला गर आणि बीच्या वर लोंबणाऱ्या रसाळ फळाला बोंडू. साल १९६७. मी नऊ वर्षांची होते आणि सांगितलेलं ऐकायचं नाही असं ते वय. कपाळावरची बट मागे सारताना हात ओठाला लागला. संध्याकाळी ओठ भोपळ्यासारखा सुजला, दोन दिवसांनी त्याची साल निघाली, आणि काकीने खोबरेल लावता लावता एकच गोष्ट सांगितली, "काजीचो चीक कोणाचो सोयरो नाय."

पुढे मी मुंबईच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आम्रकुल हा धडा आला की मी हा ओठ वर्गात हजर करायची. आंबा, काजू, चारोळी, पिस्ता, आंबाडा आणि बिब्बा हे सगळे एका कुळातले. कैरीचा चीक गालाला लागून फोड येतो, काजूचा चीक बोट सोलतो आणि बिब्ब्याचं तेल तर अंगावर जन्माची खूण ठेवतं. घराण्याचा स्वभावच तसा. मुलं हसायची. पण काजू सोलण्याचा इतिहास या घराणेशाहीतच दडला आहे, हे मला निवृत्त व्हायच्या जरा आधी उमगलं.

काजू मूळचा ब्राझीलचा आणि पोर्तुगीजांनी तो आणला, हे शाळेतलं पोरही सांगतं. तिथले तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडी तो 'काजू' झाला आणि तोच शब्द आपण घेतला. आंद्रे तेवे नावाचा एक फ्रेंच फ्रान्सिस्कन साधू १५५५ साली रिओच्या आखातात उतरला होता. परत गेल्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तकात काजूच्या झाडाचं चित्र आहे, माणसं फळं काढताहेत आणि रस पिळताहेत. बीच्या कवचात कडू तेल असतं आणि आतला गर विस्तवावरून काढला की खायला चांगला लागतो, हेही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे बी भाजायची विद्या ब्राझीलच्या लोकांकडे होतीच. बाहिया भागात तर कोवळ्या, हिरव्या काजूला 'मातुरी' असं वेगळं नाव आहे आणि त्याचे पदार्थही होतात. आपण ओले काजूगर खातो तसेच ते.

आता इकडचं बघा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात राहिला. इथल्या झाडपाल्यावरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं. त्यात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे. काजू नाही. बिब्बा मात्र आहे, आणि तोही सुरुवातीलाच, कारण पोर्तुगीज भाषेत बिब्ब्याचं नाव 'अनाकार्दो' आणि पुस्तक वर्णक्रमाने लावलेलं. इथले लोक त्याला 'बिबो' म्हणतात, असं तो लिहितो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यात छापलेला आपला हा शब्द बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणखी एक मजेची गोष्ट तो सांगतो. हिरवा बिब्बा मिठात घालून मुरवतात, त्याला 'अचार' म्हणतात आणि त्याच्या देशात ऑलिव्ह विकतात तसा तो बाजारात विकायला असतो! ज्या फळाच्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करायचे, ते फळ कोवळेपणी इथले लोक आवडीने खात होते.

ओर्तानंतर पंधराच वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोवाओ द कोश्ता या दुसऱ्या वैद्याने स्पेनमधल्या बुर्गोस शहरात आपलं पुस्तक छापलं. त्यात काजू आहे आणि त्याने तो कोचीनच्या बागांमध्ये पाहिलेला आहे. एकाच्या पुस्तकात नाही, दुसऱ्याच्या आहे. काजूचं झाड आपल्या किनाऱ्यावर रुजलं ते या सुमाराला.

म्हणजे नवं झाड आलं. खाली लोंबणारं पिवळं-तांबडं बोंड, त्याच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराची बी. (खरं तर बोंडू हा फुगलेला देठ आणि ती बी हेच फळ, पण हे सांगितलं की काकी म्हणायची, "तुझ्या कॉलेजात आसात तसा.") बोंडाचं काय करायचं हे कोणीही सांगेल. चावायचं, घशाला चरचरलं तर मीठ लावायचं. गोव्याने त्याच्या रसाची आधी हुर्राक आणि मग फेणी केली, आणि २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बी? तिच्या कवचात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि त्या जाळीत चामडी जाळणारं तेल. ते ओलांडून गरापर्यंत पोचायचं, ही अक्कल इथे कुणी दिली?

मला वाटतं, द्यावी लागलीच नाही. ती इथल्या हातांत आधीच होती.

याचा पुरावा कागदपत्रांत नाही, नावांत आहे. गोव्याकडचे आणि कानडा किनाऱ्यावरचे कितीतरी कोकणी भाषक ओल्या काजूगराला आजही 'बिब्बो' म्हणतात. ते बिब्ब्याची उपकरी करतात आणि पाहुण्याला भीती वाटली तर हसतात. कानडीत काजूगराला 'गोडंबी' म्हणतात, आणि आपल्याकडे गोडंबी म्हणजे डिंकाच्या लाडवात घालतात तो बिब्ब्याचा गर. काजूच्या झाडाला कानडीत 'गेरु' म्हणतात. तेच नाव बिब्ब्यालाही आहे. तेलुगूत 'जीडि' म्हणजे बिब्बा, तर काजूचं झाड 'जीडिमामिडि', म्हणजे बिब्बा-आंबा, आणि काजूगर 'जीडिपप्पु'. एका झाडाचं नाव दुसऱ्याला एका भाषेत चिकटलं तर योगायोग म्हणता येईल. तीन भाषांत चिकटलं तर लोकांनी त्या झाडाकडे बघून काहीतरी ओळखलं होतं, असंच म्हणावं लागतं. तांबड्या बोंडाला टेकलेली काळपट बी पाहिली आणि त्यांना बिब्बा आठवला. बिब्ब्यालाही बीच्या डोक्यावर तसंच, पण छोटं, केशरी बोंड असतं. झाड परदेशी, पण घराणं ओळखीचं. आणि एकदा घराणं ओळखलं की त्याच्याशी वागायचं कसं हेही कळलं. राख, तेल, विस्तव, आणि तोंडाला हात लावायचा नाही.

हीच अदलाबदल पुढे स्वीडनमध्ये बसून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने केली. 'अनाकार्डियम' हे युरोपातल्या औषधवाल्यांचं बिब्ब्यासाठीचं जुनं नाव, बिब्बा हृदयाच्या आकाराचा म्हणून पडलेलं. १७५३ साली लिनियसने ते उचलून काजूला दिलं, 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले', पश्चिमेकडचा बिब्बा. मूळ मालकाला पुढे लिनियसच्या मुलाने 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचं फळ, असं वेगळं नाव देऊन वाटेला लावलं. वर्गात हे सांगताना मी म्हणायची, लिनियसने नावात बिब्बा घातला. पण त्याने जे पुस्तकात केलं ते आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी परसात केलं होतं.

आता काकीच्या विळीकडे येते, कारण गर काढणं पुस्तकातून कळत नाही.

ओली काजी माघ-फाल्गुनात काढायची. बोंड अजून धरलेलं नसतं, बी मात्र पूर्ण भरलेली आणि हिरवी असते. कवच तेव्हा चिवट असतं, कडक नसतं. काकी आधी दोन्ही तळवे राखेत घोळवायची, मग बोटांच्या पेरांमध्ये राख चोळायची. बी आडवी धरून विळीच्या पात्यावर तिची फुगीर पाठ टेकवायची आणि एकाच दाबात उभी चिरायची. दोन शकलं, प्रत्येकात अर्धा गर. चिरल्याबरोबर कडेला चिकाचे बारीक थेंब उभे राहतात, आधी पाण्यासारखे, मग तांबूस, आणि थोड्या वेळाने काळे. शकल राखेत टेकवून चीक टिपायचा आणि बांबूच्या चपट्या काडीने गर उचकटायचा. काडी कवचाच्या बाजूने घालायची, गराच्या बाजूने नाही, नाहीतर चीक गराला लागतो. या सगळ्याला एका बीमागे लागायचा चार-पाच श्वासांएवढा वेळ, आणि काकी ते करता करता शेजारणीशी बोलायची. मला एका बीला मिनिट लागायचं, आणि तरी गर मोडायचा.

विकायचा गर अख्खा लागतो. त्यासाठी विळीचा दाब फक्त कवचापुरता द्यायचा. पातं गराला टेकायच्या आत थांबायचं आणि बी दोन्ही अंगठ्यांनी पिळून उघडायची. दाब कुठे थांबवायचा हे काकी डोळ्यांनी बघत नसे. पात्याचा आवाज बदलतो, म्हणायची. "मोडलेलो गर खाणाऱ्याचो, आखो गर इकणाऱ्याचो." कुडाळच्या बाजारात ओले गर आजही शेकड्याने विकतात, वजनाने नव्हे, त्या शेकड्यात मोडका चालत नाही.

मग गर कढत पाण्यात. पाच-दहा मिनिटांत वरची फिकट साल सैल होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात गर धरून जरा दाबला की तो सालीतून सटकतो, पांढराशुभ्र, ओला, किंचित गोड. हे काम आम्हा मुलांचं. इथपर्यंत चीक संपलेला असायचा, त्यामुळे तोंडात टाकलेल्या गरांची मोजदाद कोणी ठेवत नसे. रात्री भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटप लावून उसळ व्हायची. काही घरी त्यात बटाटा घालतात. काकीच्या मते तो काजूचा अपमान.

वाळलेली बी वैशाखातली. ती फोडण्याचं काम घरात कधीच होत नसे. त्याचा धूर डोळ्यांत गेला की दिवसभर पाणी. खळ्याच्या टोकाला, वारा घराकडून वाहतो अशा जागी तीन दगड मांडायचे. वर जुना पत्र्याचा डबा उभा चिरून पसरट केलेला, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. खाली सोडणं आणि पातेरा पेटवायचा. बिया तापल्या की चुरचुरायला लागतात, मग कवचातलं तेल चिळकांड्यांसारखं उडतं आणि पेट घेतं. भोकांतून थेंब खाली पडले की जाळ भडकतो. काका लांब काठीने बिया ढवळत राहायचे आणि काकी दोन हात लांब उभी राहून "आता" म्हणायची. त्या "आता"वर डबा मातीत उपडा करायचा आणि वरून राख टाकून जाळ मारायचा. थोडं लवकर झालं तर कवचात चीक उरतो, थोडं उशिरा झालं तर गर करपतो. घड्याळ नव्हतं, धुराचा रंग होता.

थंड झालेली काळी बी दगडावर उभी धरून लाकडाच्या दांड्याने एकच टोला. कवच ठिसूळ होऊन फुटतं आणि आत तांबड्या कागदी सालीतला गर. साल चोळली की निघते, राहिली तर थोडी तुरट लागते. चुलीत भाजलेली आठळी सोलताना जी पातळ तपकिरी साल चिकटून त्रास देते, तिचीच ही बहीण. किलोभर बिया फोडल्या की गर निघतो पाव किलोच्या आसपास. उरलेली कवचं बंबाला, आणि त्यातलं तेल पूर्वी होड्यांच्या लाकडाला फासायचे, कीड लागू नये म्हणून. ज्या तेलाने माझा ओठ सोलला तेच आज गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात आणि रंगांत जातं.

काजूचा धंदा मोठा झाला तो विसाव्या शतकात. १९२०च्या दशकात हिंदुस्थानातला काजूगर अमेरिकेत जायला लागला आणि केरळातलं कोल्लम हे त्याचं मोठं केंद्र झालं. आपल्या बिया पुरेनात म्हणून पूर्व आफ्रिकेतून कच्च्या बिया बोटीने यायला लागल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते झाड नेलं होतं तेही पोर्तुगीजांनीच. म्हणजे ब्राझीलचं झाड, मोझांबिकची बी, कोल्लमच्या बायकांचे हात आणि न्यूयॉर्कची बशी. या साखळीत झाडं हलली, बोटी हलल्या, चीक मात्र प्रत्येक वेळी बायकांच्या बोटांवरच थांबला. कारखान्यातही बी फोडणं आणि गर सोलणं हे बायकांचं काम, किलोवर मजुरी.

त्या व्यापाराने काकीच्या म्हणीला आकडे दिले. काजूच्या खोक्यावर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर आणि आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. आपण पौंड सोडून किलोवर येऊन कैक वर्षं झाली, काजूने तो सोडलेला नाही. अख्ख्याच्या खाली पाकळी, तिच्या खाली तुकडा, सगळ्यात खाली कणी. मोडलेला गर खाणाऱ्याचा.

आमच्या डोंगरावरची झाडं तेव्हा गावठी होती, कोणी लावली हे कोणाला ठाऊक नाही, बिया बारक्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवड आणि संकर करून मोठ्या बीच्या जाती काढल्या. त्यातली वेंगुर्ला-७ ही १९९७ साली आली. त्याआधी १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना होती, तिच्यामुळे वरकस कातळउतारांवर कलमं उभी राहिली. पुतण्याने आमच्याही उतारावर लावली. बी मोठी झाली, भाव चांगला मिळाला, आणि खळ्यातले तीन दगड हळूहळू गेले. आता बी पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते आणि घरात लागणारा गर दुकानातून पाकिटात येतो.

पुतण्याने अलीकडे घरामागे एक लहानसं युनिट टाकलं आहे. बी भाजत नाहीत, वाफवतात. मग ती कटरवर ठेवायची, पायाने पट्टी दाबली की दोन पाती दोन्ही बाजूंनी येतात आणि हाताने दांडी फिरवली की कवच उघडतं. गर भट्टीत सुकवतात आणि मग सात-आठ बायका मांडीवर सूप घेऊन साल काढायला बसतात. मी गेल्या मार्चमध्ये तिथे एक सकाळ बसले. कटरवरच्या बाईने काम सुरू करण्याआधी वाटीतल्या तेलात दोन्ही हात बुडवले. हातमोजे होते, खिळ्याला टांगलेले. विचारलं तर म्हणाली, "तेतून गर समजना नाय." मोज्यातून गर कळत नाही. तिच्या अंगठ्याचं टोक काळं होतं आणि त्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या.

माझ्या कॉलेजात विदर्भातली एक सहकारीण होती. तिच्या गावाकडे बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायका आहेत. एका हिवाळ्यात तिने मला घरची गोडंबी दिली. सुट्टीत मी ती कुडाळला नेली. काकी तेव्हा ऐंशीच्या पुढची, पडवीत बसून असायची. तिने एक दाणा तोंडात टाकला, हळूहळू चावला.

"हे खंयचे गर गो? काजीचे न्हय."

"बिब्ब्याचे, काकी. विदर्भात काढतात."

तिने उरलेले दाणे तळहातावर पसरले आणि बोटाने एक-एक उलटवून बघितले, अख्खे किती आणि मोडके किती. बिब्बा फोडताना तिने आयुष्यात पाहिला नव्हता. चव कशी आहे, भाव काय, यातलं तिने काही विचारलं नाही.

"मगे चीक आसतलोच," ती म्हणाली. "फोडणाऱ्या बायलांचे हात कशे आसत?"